जुन्या प्रोसेसरवर लिनक्स हँग होतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जुन्या इंटेल, एएमडी आणि तत्सम प्रोसेसरवर लिनक्स चालवणाऱ्यांसाठी आहे. आज्ञा, फाइलींची नावं आणि पॅरामीटर (बूट होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, द्यायचे पर्याय) इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी घ्या. ठिपका, अंडरस्कोअर, बरोबरचं चिन्ह आणि मोकळी जागा मात्र इथे आहे तशीच ठेवा.

सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती: एका वेळी एकच बदल करा. पाच पॅरामीटर एकदम टाकले आणि मशीन सुधारलं, तर गुण कशाचा आला ते कळत नाही, आणि नको असलेले चार बदल वर्षानुवर्षं तसेच राहतात.

१. मशीन खरंच हँग झालंय की नुसतं अडकून पडलंय, हे कसं ओळखायचं?

कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर प्रोसेसर जिवंत आहे. उलट मात्र खरं नाही: डेस्कटॉप चालू असताना तो दिवा ग्राफिकल सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे नुसता डेस्कटॉप गोठला तरी दिवा दाद देत नाही. कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉक आपोआप लुकलुकत असतील तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे सावरता न येणारी चूक होऊन कर्नलनं काम थांबवलंय. संदेश पडद्यामागे दडलेला असतो.

मग दुसऱ्या मशीनवरून पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का बघा. पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो, एसएसएचला (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) मात्र प्रोग्रॅम चालू लागतात. पिंग लागतं आणि एसएसएच लटकतं, तर संशय मेमरी किंवा डिस्कवर (प्रश्न ३). दोन्ही लागतात पण पडदा थिजलेला, तर ग्राफिक्स (प्रश्न १२). दोन्ही बंद, तर बहुधा खरा हँग. फक्त नेटवर्क कार्डच पडलेलं नाही ना, याची खात्री प्रश्न २ मधल्या कळांनी करून घ्या.

गाणं चालू असताना हँग झालं तर कान द्या. आवाजाचा अर्ध्या सेकंदाचा एकच तुकडा अडकलेल्या तबकडीसारखा फिरत राहिला, तर साउंड कार्ड मेमरीतला जुना बफर स्वतःच वाजवतंय आणि त्यात नवं काही भरायला प्रोसेसर फिरकतच नाहीये. गाणं नीट पुढे सरकत असेल, तर दोष पडद्याचा.

२. पॉवर बटण दाबून धरण्याऐवजी दुसरा मार्ग आहे का?

आहे. ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचीच कळ) दाबून धरा आणि आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं क्रमानं, प्रत्येकी दोन-तीन सेकंद थांबून दाबा. अनुक्रमे कीबोर्ड परत ताब्यात घेणं, प्रोग्रॅमना थांबायची सूचना, न थांबलेल्यांना ठार करणं, डिस्कवर डेटा उतरवणं, फाइल सिस्टीम फक्त-वाचनीय करणं आणि रीबूट, असा तो क्रम आहे. लॅपटॉपवर अनेकदा एफएन कळही लागते.

काहीच घडत नसेल तर मशीन मेलंय असं लगेच ठरवू नका. बऱ्याच वितरणांत (उबुंटू, डेबियन, फेडोरा असे लिनक्सचे तयार संच) या कळांवर बंधन असतं. उबुंटूत या बंधनाचं मूळ मूल्य १७६ आहे. त्यात एस, यू आणि बी चालतात, ई आणि आय चालत नाहीत. सगळ्या कळा खुल्या करायला ‘/ईटीसी/सिसीटीएल.डी/’ मध्ये एक फाइल करून ‘कर्नल.सिसआरक्यू=१’ लिहा. मशीन धड असतानाच एकदा ऑल्ट-सिसआरक्यू-एच दाबून तपासा. डीमेसगमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) मदतीची ओळ उमटली पाहिजे. कळा चालतात हे आधी माहीत असेल, तरच हँगच्या वेळी त्यांच्या गप्प राहण्याला अर्थ आहे.

३. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की सगळं थिजतं आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो. प्रोसेसर गेला का?

नाही. मेमरी संपली आहे. २ किंवा ४ जीबी रॅमच्या मशीनवर जे हँग म्हणून सांगितलं जातं, त्यात हा प्रकार फार मोठा. कर्नल प्रोग्रॅमचा कोडच मेमरीतून काढतो, पुढच्या क्षणी तो पुन्हा डिस्कवरून आणतो, आणि हे चक्र चालू राहतं. स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) बंद केल्यानं ही दशा टळत नाही, कारण कोडची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) तरीही फेकली जातात.

त्या क्षणी ऑल्ट-सिसआरक्यू-एफ दाबा. सर्वांत जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम मारला जातो आणि मशीन काही सेकंदांत श्वास घेतं. कायमचा उपाय म्हणून मेमरी पुरती संपण्याआधीच प्रोग्रॅम मारणारं अर्लीऊम किंवा सिस्टमडी-ऊमडी बसवा आणि झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) चालू करा. कर्नल ६.१ पासून आलेली नवी पान-निवड पद्धत, एमजीएलआरयू, अशा मशीनवर स्पष्ट फरक पाडते. तुमच्या वितरणात ती चालू आहे का बघा.

४. रीबूटनंतर लॉगमध्ये काहीच नसतं. पुरावा कुठून आणायचा?

आधी मागच्या बूटचा लॉग टिकतोय ना ते बघा. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी नसेल तर बऱ्याच वितरणांत जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीबूटबरोबर जातं. ती तयार करा, जर्नल सेवा पुन्हा सुरू करा, आणि पुढच्या हँगनंतर ‘जर्नलसीटीएल -बी -१ -के -ई’ चालवा.

तरीही शेवटची ओळ साधीसुधीच निघेल, कारण खऱ्या हँगमध्ये शेवटचे संदेश डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. ते मशीनबाहेर काढावे लागतात. मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असेल तर सोन्याहून पिवळं: ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८ कन्सोल=टीटीवाय०’ हे कर्नलला द्या आणि नल-मोडेम केबलनं दुसऱ्या मशीनवर नोंद ठेवा. पोर्ट नसेल तर नेटकन्सोल. हा मॉड्यूल (कर्नलमध्ये लागेल तेव्हा भरायचा भाग) कर्नलचे संदेश थेट नेटवर्कवरून, यूडीपीनं पाठवतो. त्याला स्वतःचा आणि समोरच्याचा आयपी, समोरचा पोर्ट (नेहमीचा ६६६६) आणि समोरच्या कार्डाचा मॅक पत्ता लागतो. ऐकणाऱ्या मशीनवर ‘एनसी -यू -एल ६६६६’ चालवा. केबलचं इथरनेट वापरा. वायफायवर हे बहुतेक वेळा चालत नाही. ‘इग्नोर_लॉगलेव्हल’ हा पॅरामीटर जोडायला विसरू नका, नाहीतर महत्त्वाचे संदेश गाळले जातात.

नेटकन्सोलवरही एक अक्षर आलं नाही, तर तोही पुरावाच आहे. कर्नलला बोलायची संधीच मिळाली नाही, म्हणजे प्रोसेसर, बस किंवा वीजपुरवठा; शोध तिकडे वळवा.

५. ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २२ सेकंद अडकला’ असा संदेश येतो. हार्ड लॉकअप वेगळा का?

वेगळा. सॉफ्ट लॉकअप म्हणजे एक कोर कर्नलमध्येच फिरतोय आणि दुसऱ्या कुणाला पाळी देत नाही. मर्यादा वॉचडॉगच्या (अडकलेला कोर हेरणारा कर्नलमधला पहारेकरी) मूल्याच्या दुप्पट असते. मूळ मूल्य १० सेकंद, म्हणून संदेश विसाव्या सेकंदानंतर दिसतो. हार्ड लॉकअपमध्ये तो कोर इंटरप्टही (हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारी हाक) घेत नाही. ते १० सेकंदांत एनएमआय या न टाळता येणाऱ्या इंटरप्टनं पकडलं जातं. तिसरा संदेश असतो ‘टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकलं’ असा. त्यात प्रोसेसर मोकळाच असतो आणि काम बहुधा डिस्कची वाट बघत असतं. तेव्हा डिस्कची तब्येत सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल -ए’ मध्ये ५, १९७ आणि १९९ या क्रमांकांचे आकडे बघा. १९९ वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी साटा केबल बदला.

संदेशातलं ‘अडकला’ वाचून थांबू नका. त्याखालच्या कॉल ट्रेसमध्ये (कर्नल कुठे अडकला ते दाखवणारी यादी) वरून पहिल्या चार-पाच ओळींत कोणत्या ड्रायव्हरचं नाव आहे ते शोधा. एक अपवाद: व्हर्च्युअल मशीनमध्ये हाच संदेश येत असेल, तर बऱ्याचदा यजमान मशीननं त्याला तेवढा वेळ प्रोसेसर दिलेलाच नसतो. तपास यजमानावर करा.

६. सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी हार्डवेअर तपासायचं का? काय-काय?

हो, आणि या क्रमानं.

रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ ची किमान चार पूर्ण आवर्तनं, शक्यतो रात्रभर. आवृत्ती ६ पासून तो यूईएफआयवरही (मशीन सुरू करणाऱ्या बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) चालतो. एकही चूक चालत नाही; ‘फक्त एकच आली’ असं काही नसतं. चूक आली तर एक-एक रॅम मॉड्यूल काढून पुन्हा चालवा, आणि तेच मॉड्यूल दुसऱ्या खाचेतही तपासा, कारण कधीकधी दोष खाचेचा निघतो.

मग ताप. ‘सेन्सर्स’ चालवत ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत ‘स्ट्रेस-एनजी --सीपीयू ० --टाइमआउट ३०एम’ सोडा. इथे शून्य म्हणजे सगळे कोर. तापमान पहिल्याच मिनिटात नव्वदीपार गेलं तर थर्मल पेस्ट वाळलेली आहे किंवा हीटसिंकची एक पिन सुटलेली आहे.

पुढे वीज. १२ व्होल्टची तार ११.४० ते १२.६० मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी, तीही लोड असताना. मोकळ्या मशीनवर मोजलेला आकडा दिशाभूल करतो.

शेवटी केस उघडून टॉर्च मारा. २००० च्या दशकातल्या पहिल्या अनेक वर्षांच्या मदरबोर्डांवर निकृष्ट इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बसले होते. प्रोसेसरभोवतीच्या नळकांड्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं, किंवा त्यावरच्या फुलीतून तपकिरी खपली आलेली दिसली, तर कोणताही पॅरामीटर कामाचा नाही. तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर बसवावे लागतात.

७. कर्नलला पॅरामीटर कसा द्यायचा, आणि तो लागला हे कसं कळणार?

एकदाच आजमावायचा असेल तर ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडायचा मेनू) यादीत ई दाबा, ‘लिनक्स’ शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून पॅरामीटर लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. पुढच्या बूटला तो आपोआप जातो, म्हणून हा मार्ग निर्धास्त आहे. कायम ठेवायला डेबियन-उबुंटूवर ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ मधल्या ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्ट’ ओळीत अवतरणाच्या आत लिहा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा; फेडोरावर ‘ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्ज=’ आणि पुढे पॅरामीटर.

मग ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ करून तो तिथे आहे ना ते बघाच. स्पेलिंग चुकलेला पॅरामीटर कर्नल बहुतेक वेळा मुकाट्यानं सोडून देतो, आणि माणूस आठवडाभर न लागलेल्या उपायाची परीक्षा घेत बसतो.

८. काम करताना मशीन तासन्तास चालतं, पण नुसतं सोडलं की हँग होतं. असं उलटं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि याचं उत्तर बहुधा सी-स्टेटमध्ये असतं. प्रोसेसरला काम नसलं की तो पायऱ्यापायऱ्यांनी झोपतो: सी१ मध्ये नुसतं घड्याळ थांबतं, सी६ मध्ये कोरची सगळी स्थिती बाजूला साठवून त्याची वीजच तोडली जाते. जागं होताना ती स्थिती परत भरावी लागते, व्होल्टेज वर यावं लागतं, टायमरनं वेळेवर हाक मारावी लागते. यातलं एक जरी चुकलं तरी कोर उठत नाही. लोड असताना तो झोपतच नाही, म्हणून चुकीला वाव नसतो. सर्वसाधारण नियम असा: लोडवर हँग म्हणजे आधी ताप, वीज, मेमरी (प्रश्न ६), रिकामं असताना हँग म्हणजे आधी सी-स्टेट.

तपासायला रीबूटही लागत नाही. ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूआयडल/’ मध्ये स्टेट०, स्टेट१ अशा डिरेक्टऱ्या दिसतील. प्रत्येकीतल्या ‘नेम’ फाइलीत त्या पायरीचं नाव असतं. ‘सीपीयूपॉवर आयडल-सेट -डी ३’ नं (डी लहान लिपीतला) स्टेट३ ही पायरी सगळ्या कोरवर बंद होते. सर्वांत खोल पायरीपासून सुरुवात करा. जी बंद केल्यावर हँग थांबतो, तिथेच थांबा. त्याहून उथळ पायऱ्या बंद करून उगाच वीज आणि बॅटरी जाळू नका.

कायमच्या उपायासाठी आधी ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयूआयडल/करंट_ड्रायव्हर’ वाचा. तिथे ‘इंटेल_आयडल’ असेल तर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ द्या, ‘एसीपीआय_आयडल’ असेल तर ‘प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१’. सीस्टेट हा जोडून एकच शब्द आहे. इथला आकडा म्हणजे वर पाहिलेल्या स्टेट डिरेक्टरीचा क्रमांक. सी-स्टेटच्या नावातला आकडा वेगळा असू शकतो.

यात एक मोठी फसगत होते. ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=०’ म्हणजे झोप पूर्ण बंद असं वाटतं, पण त्यानं फक्त इंटेलचा ड्रायव्हर बाद होतो आणि काम एसीपीआयच्या (बायोस ज्यातून वीज आणि झोपेची माहिती देतो ती पद्धत) ड्रायव्हरकडे जातं. तो मशीनला पुन्हा खोल झोपेत नेऊ शकतो. खरोखर झोप नकोच असेल तर ‘आयडल=पोल’; पण हा तपासापुरताच वापरा. कोर सतत पूर्ण वेगानं फिरत राहतात आणि लॅपटॉप भाजायला लागतो.

९. माझ्याकडे सेलेरॉन जे१९०० किंवा एन२८४० आहे. त्याच्यासाठी वेगळं काही?

हे बे ट्रेल पिढीचे, २०१३ च्या सुमारास आलेले प्रोसेसर. ॲटम झेड३७३५एफ आणि पेंटियम एन३५४० हेही त्याच घरातले. लिनक्सवर अचानक थिजण्यासाठी ही पिढी सर्वांत बदनाम झाली. इंटेलच्या दोषयादीत यामागच्या एका दोषाची नोंद आहे: इंटरप्टची सेवा चालू असताना कोर सी६ मध्ये गेला, तर ‘इंटरप्ट संपला’ हा संदेश पाठवायचा राहून जाऊ शकतो. मग पुढचे इंटरप्ट येतच नाहीत. व्हिडिओ चालू असताना हँग जास्त होतात, कारण तेव्हा कोर सेकंदाला कितीतरी वेळा झोपतो-उठतो.

बायोस अद्ययावत करा, नवा कर्नल घ्या, आणि तरीही हँग राहिला तर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’. टॅब्लेटवर बॅटरीची किंमत जाणवते, म्हणून तिथे प्रश्न ८ मधल्या पद्धतीनं फक्त सी६ नावाच्या पायऱ्या बंद करून सी७ चालू ठेवून बघा. अनेक मशीनवर तेवढं पुरतं.

१०. पहिल्या पिढीचा रायझन रात्री रिकामा असताना थिजतो. सी-स्टेटचा पॅरामीटर देऊनही फरक नाही.

२०१७ च्या रायझनवर ‘प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=५’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. पण बहुतेक बोर्डांवर एसीपीआय सी१ आणि सी२ एवढ्याच पायऱ्या दाखवतं, त्यामुळे ‘५’ नं काहीच बंद होत नाही. उपाय बायोसमध्ये शोधा. एएमडी सीबीएस या मेनूत ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ आहे. ते ‘ऑटो’ वरून ‘टिपिकल करंट आयडल’ करा. सगळे कोर गाढ झोपले की प्रोसेसर इतका कमी करंट ओढतो की काही वीजपुरवठ्यांचं व्होल्टेज डळमळतं. या पर्यायानं करंट तेवढा खाली जात नाही. पर्यायच दिसत नसेल तर बायोस जुना आहे.

तो मेनू न देणाऱ्या बोर्डांसाठी झेनस्टेट्स ही पायथन स्क्रिप्ट आहे. तिला ‘--सी६-डिसेबल’ दिलं की सी६ बंद होतो. प्रत्येक बूटला आणि सस्पेंडनंतर ती पुन्हा चालवावी लागते.

याच पिढीच्या सुरुवातीच्या काही नगांवर मोठं कंपाइल करताना प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टनं पडायचे. तो दोष निराळा. त्यावर सेटिंगचा उतारा नाही, प्रोसेसर बदलावा लागतो.

११. जुन्या प्रोसेसरला मायक्रोकोडचा काही उपयोग आहे? उलट बिघडलं तर?

उपयोग मोठा आहे. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतलाच, बदलता येणारा छोटा प्रोग्रॅम. प्रोसेसरमधले कितीतरी दोष फक्त तिथेच दुरुस्त होतात. २०१६ च्या जानेवारीत इंटेलनं मान्य केलेला स्कायलेक पिढीचा, प्राइम९५ हा गणिताचा प्रोग्रॅम चालवताना होणारा हँग, २०१७ मध्ये गाजलेला स्कायलेक आणि केबी लेकचा हायपर-थ्रेडिंगचा दोष, ही त्याची उदाहरणं. जुन्या बोर्डाला नवा बायोस मिळत नसला तरी कर्नल प्रत्येक बूटला मायक्रोकोड भरू शकतो. डेबियनवर पॅकेज ‘इंटेल-मायक्रोकोड’ किंवा ‘एएमडी६४-मायक्रोकोड’. बसवून रीबूट केल्यावर ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ मधली ‘मायक्रोकोड’ची ओळ आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

तो बूटच्या अगदी सुरुवातीला, इनिटरॅमएफएसमधूनच (बूट होताना आधी मेमरीत येणारी छोटी फाइल सिस्टीम) भरला जायला हवा. २०१४ मध्ये हॅसवेल पिढीतल्या टीएसएक्स या सूचनांचा दोष टाळण्यासाठी आलेल्या मायक्रोकोडनं त्या सूचनाच बंद केल्या, आणि चालत्या मशीनवर तो भरला तेव्हा त्या सूचना आधीच वापरत असलेले प्रोग्रॅम धडाधड कोसळले.

बिघडूही शकतं. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर या सुरक्षादोषासाठी आलेल्या मायक्रोकोडनं हॅसवेल आणि ब्रॉडवेल मशीन आपोआप रीबूट होऊ लागल्या, आणि इंटेललाच तो बसवू नका असं सांगावं लागलं. संशय आला तर ‘डिस_यूकोड_एलडीआर’ हा पॅरामीटर देऊन कर्नलला मायक्रोकोड न भरता बूट करायला लावा आणि तुलना करा.

१२. पडदा थिजतो, पण एसएसएच लागतं. काय बदलायचं?

तिथूनच ‘डीमेसग’ वाचा. ‘जीपीयू हँग’ अशी ओळ असेल तर दोष नक्की झाला. खात्रीसाठी ‘नोमोडसेट’ देऊन काही दिवस चालवा. वेग जाईल, पण हँग थांबला तर प्रोसेसर निर्दोष आहे. मग कार्डानुसार: जुन्या रेडिऑनवर ‘रेडिऑन.डीपीएम=०’, नूव्होवर (एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर) ‘नूव्हो.नोॲक्सेल=१’, हॅसवेलपासून पुढच्या इंटेल लॅपटॉपवर ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’. सल्ल्यांत अजून फिरणारा ‘आय९१५.एनेबल_आरसी६=०’ कर्नल ४.१६ मध्ये काढून टाकला गेला; नव्या कर्नलवर तो देऊन काही होत नाही.

१३. ‘टीएससी अस्थिर’ असा संदेश येतो आणि मग सगळं अडखळतं. हा हँगच का?

जवळचा नातेवाईक. टीएससी हा प्रोसेसरमधला काउंटर. जुन्या प्रोसेसरवर वेग बदलला किंवा कोर झोपला की त्याची चाल बदलते. ॲथलॉन ६४ एक्स२ वर तर दोन कोरचे काउंटर एकमेकांपासून सरकतात. कर्नल हे ओळखून दुसरं घड्याळ घेतो, आणि बहुतेकदा काम भागतं. ते घड्याळही बिघडलेलं असेल तर टायमर उशिरा वाजतात आणि मशीन थांबत-थांबत चालतं. ‘क्लॉकसोर्स=एचपीईटी’ आणि मग ‘क्लॉकसोर्स=एसीपीआय_पीएम’, अशा क्रमानं बघा. दुसरं हळू आहे, पण जुन्या बोर्डांवर भरवशाचं.

एक गमतीची खूण: माउस हलवत राहिलं की मशीन चालतं, सोडलं की थांबतं. म्हणजे टायमरचा इंटरप्ट येत नाही, माउसच्या इंटरप्टवर गाडी रेटली जातेय. एएमडीच्या के८ आणि के१० पिढीत सी१ई या झोपेत कोरचा टायमर थांबतो. ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ मधल्या ‘बग्ज’ ओळीत ‘एएमडी_ई४००’ दिसतं. कर्नल ते सांभाळतो, पण बायोसनं माहिती चुकीची दिली तर बायोसमध्येच सी१ई बंद करा.

१४. माझं मशीन १९९० च्या दशकातलं आहे. तेव्हाच्या प्रोसेसरमध्येच दोष होते म्हणतात ते कोणते?

मूळ पेंटियम आणि पेंटियम एमएमएक्समध्ये एफ००एफ दोष: एफ० ०एफ सी७ सी८ हे चार बाइट साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमनंही चालवले की प्रोसेसर पुरता लॉक, फक्त रीसेट. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तो उघड झाला. लिनक्सनं काही दिवसांतच इंटरप्टचा तक्ता फक्त-वाचनीय पानावर ठेवून त्याला चकवलं. लॉक व्हायच्या ऐवजी पेज फॉल्ट येतो. पेंटियम प्रो आणि पुढच्यांना हा दोष नाही.

सायरिक्स ६एक्स८६ ला ‘कोमा’: तीन सूचनांचं एक छोटं न संपणारं चक्र बस इतकी धरून ठेवतं की इंटरप्टला आत शिरताच येत नाही. प्रोसेसरच्या रजिस्टरमधला नो-लॉक बिट लावून तो टळतो. सुरुवातीच्या काही एएमडी के६ मध्ये ३२ एमबीच्या वर रॅम असली की गडबड होते. अशा मशीनवर कर्नल बूटच्या वेळी तसं सांगतो.

थोडं पुढे आलं की दोष प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यामध्ये सापडतात. ॲथलॉन आणि एजीपी ग्राफिक्स कार्ड या जोडीवर मोठ्या पानांमुळे मेमरी बिघडून हँग व्हायचा; त्यावर ‘मेम=नोपेंटियम’. ॲथलॉन एक्सपी आणि एनफोर्स२ चिपसेट या जोडीवर झोपेच्या वेळी बस तोडण्यात चूक होती. २००४ नंतरचे कर्नल ती स्वतः दुरुस्त करतात. २००७ च्या फिनॉमच्या बी२ आवृत्तीत टीएलबीचा (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणारा भाग) दोष होता. नाव ५० नं संपणाऱ्या, ९५५० किंवा ९८५० सारख्या, बी३ फिनॉममध्ये तो नाही.

१५. नवं वितरण टाकलं की बूटच होत नाही, पडदा काळा. हासुद्धा हँग का?

बऱ्याचदा नाही. प्रोसेसरला माहीत नसलेली सूचना आली आणि पहिलाच प्रोग्रॅम मेला. ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द बूटच्या ओळीतून काढा आणि शेवट वाचा. ‘इनिट मारण्याचा प्रयत्न’ असा पॅनिक आणि पुढे एक्झिट कोड ४ असेल, तर ती अनोळखी सूचना. कोड ११ (पडद्यावर ०बी) असेल तर मेमरीचा चुकीचा वापर, रॅम तपासा.

पेंटियम ३ आणि ॲथलॉन एक्सपी यांना एसएसई२ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) येत नाही, म्हणून आजचे मोठे ब्राउझर त्यांच्यावर चालत नाहीत. डेबियन १२ च्या ३२-बिट आवृत्तीला एएमडीचा जीओड एलएक्स प्रोसेसर चालत नाही. डेबियन १३ मध्ये तर ३२-बिट कर्नल आणि इन्स्टॉलरच नाही.

१६. कर्नल अपडेटनंतरच हँग सुरू झाला. मागे कसं जायचं?

ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड’ मेनूतून जुना कर्नल निवडा आणि तोच चालवून बघा. जुन्यावर हँग पूर्ण थांबला असेल (किती थांबायचं ते प्रश्न १७), तर तक्रार नोंदवताना दोन्ही आवृत्त्या, सीपीयूइन्फोमधले फॅमिली, मॉडेल आणि स्टेपिंग (प्रोसेसरची उप-आवृत्ती) हे तीन आकडे, मायक्रोकोड आणि बायोसची तारीख द्या. तयारी असेल तर ‘गिट बायसेक्ट’ करा: प्रत्येक पायरीला उरलेले बदल निम्मे होतात, म्हणजे १,००० बदलांतून दोषी शोधायला साधारण १० कर्नल बांधावे लागतात. जुन्या मशीनवर बांधू नका. वेगवान मशीनवर बांधून इकडे आणा.

१७. उपाय लागू पडला असं म्हणायला किती दिवस थांबायचं?

आधीच्या हँगमधलं सरासरी अंतर काढा आणि त्याच्या तिप्पट वेळ हँगशिवाय गेला पाहिजे. दोन दिवसांतून एकदा होत असेल तर सहा दिवस. हँग यादृच्छिक असतील, तर काहीही न बदलता इतका काळ शांत जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. एक रात्र नीट गेली म्हणून ‘सुटलं’ असं सांगितल्यानंच चुकीचे पॅरामीटर पसरतात. वापरही तोच ठेवा. रिकामं असताना हँग होणाऱ्या मशीनवर सहा दिवस कंपाइल चालवलं तर ती परीक्षाच नव्हे.

१८. ‘एसीपीआय=ऑफ’ दिलं की थांबतं. तसंच ठेवू का? आणि ‘मिटिगेशन्स=ऑफ’?

‘एसीपीआय=ऑफ’ निदानासाठी चांगला, कायमचा म्हणून वाईट. पंख्याचं नियंत्रण, बॅटरीची माहिती, अनेकदा एकाहून अधिक कोर, सगळं जातं. त्यानं हँग थांबला तर बारीक चाळणी लावा: ‘पीसीआय=नोएसीपीआय’, ‘नोॲपिक’, ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’, एकेक करून. स्पेक्टरसारख्या दोषांवरची संरक्षणं बंद करणाऱ्या ‘मिटिगेशन्स=ऑफ’ नं जुना प्रोसेसर थोडा वेगवान होतो, पण सुरक्षा उघडी पडते. हँगवरचा उपाय म्हणून तो सुचवला जातो तेव्हा ऐकू नका.

१९. सस्पेंडमधून उठतच नाही. लॉग तर नसतोच.

‘/सिस/पॉवर/पीएम_ट्रेस’ मध्ये १ लिहा आणि सस्पेंड करा. उठला नाही की रीसेट करून, वेळ न दवडता, तीन मिनिटांच्या आत पुन्हा बूट करा आणि डीमेसगमध्ये ‘हॅश मॅचेस’ शोधा. कोणत्या उपकरणापाशी गाडी अडली ते कळतं. कर्नल ही खूण बोर्डावरच्या घड्याळात लिहून ठेवतो, कारण रीसेटनंतर टिकणारी जागा तेवढीच उरते. म्हणून नंतर तारीख भलतीच दिसेल. घाबरू नका, पण ती दुरुस्त करेपर्यंत तारखेवर चालणारी बॅकअपसारखी कामं थांबवून ठेवा.

२०. मशीन दूर ठेवलंय, दर वेळी बटण दाबायला जाणं शक्य नाही.

दोन थर लावा. ‘कर्नल.पॅनिक=१०’ आणि ‘कर्नल.सॉफ्टलॉकअप_पॅनिक=१’ प्रश्न २ मधल्या फाइलीत लिहिल्यावर पकडता आलेल्या लॉकअपनंतर दहा सेकंदांत मशीन स्वतः रीबूट होतं. जे कर्नललाही कळत नाहीत त्यांच्यासाठी चिपसेटमधला हार्डवेअर वॉचडॉग: इंटेलवर ‘आयटीसीओ_डब्ल्यूडीटी’, एएमडीवर ‘एसपी५१००_टीसीओ’. काही वितरणं हे मॉड्यूल आपोआप भरत नाहीत, तेव्हा हातानं भरा. मग ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम.कॉन्फ’ मध्ये ‘रनटाइमवॉचडॉगसेक=३०’ लिहा. सिस्टमडीनं (सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) ठरल्या वेळात त्याला थोपटलं नाही की चिप स्वतःच रीसेट मारते.

एका जातीच्या मशीनला मात्र यातलं काहीच वाचवत नाही. ॲटम सी२००० च्या बी० स्टेपिंगमध्ये बायोसच्या फ्लॅशपर्यंत जाणारं एलपीसी घड्याळ काही वर्षांनी बंद पडू शकतं. इंटेलनं २०१७ च्या सुरुवातीला दोषयादीत त्याची एव्हीआर५४ म्हणून नोंद केली. असं मशीन रीबूट झालं की उठतच नाही. त्यावरचा डेटा ते चालू आहे तोवरच दुसरीकडे हलवा, आणि उगाच रीबूट करू नका.